उलट्या पावलांचा सिनेमा

फाल्गुन निम्मा सरला की साताऱ्याच्या मंडईत ओली हळद दिसायला लागते. आल्यासारखीच, पण सालीखाली केशरी. एखादी बाई पोत्यावर छोटे छोटे वाटे मांडून बसलेली असते आणि गिऱ्हाईकाला दाखवायला हळदीचं एखादं बोट मोडते. टक् असा आवाज होतो. मी भाजीची पिशवी सावरत पुढे निघून जाते. लग्न होऊन मी साताऱ्यात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हळदीच्या गावची सून आणली आणि घरात ओल्या हळदीचं लोणचं नाही, असं कसं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षीही तेच. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. बहुधा कुणीतरी त्यांना सांगितलं असावं.

आमचं गाव हरिपूर. सांगलीतून नदीच्या कडेनं, झाडांच्या कमानीखालून रस्ता निघतो आणि कृष्णा-वारणेच्या संगमापाशी येऊन थांबतो, ते गाव. हळद पिकते सगळीकडे, पण ती साठवावी हरिपुरात, असं जुने व्यापारी म्हणायचे. कारण आमच्याकडे पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आणि आत उतरत गेलं की रांजणासारखं फुगत गेलेलं पोट. त्यात हळद भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. लहानपणी आम्ही त्याच मैदानात खेळायचो. पायांखाली कुठे कुठे पोकळ आहे हे आम्हाला ठाऊक असायचं, पण त्याचं काही वाटायचं नाही. आता ती पेवं राहिली नाहीत. पुराचं पाणी शिरलं, माती ढासळली, वरून रस्ते झाले. तरी माहेरी गेले की त्या भागातून चालताना माझं पाऊल हलकं पडतं.

मी सांगते आहे तो हंगाम नव्वदच्या दशकाच्या मधला. मी बारावीला होते. परीक्षेचे दिवस आणि हळद शिजवायचे दिवस एकच. शेताशेतांत कायली चढलेल्या असायच्या. शिजत्या हळदीचा तो गोडसर, मातकट, थोडा औषधी वास अभ्यासाच्या खोलीतही शिरायचा. वही उघडली तर पानाला, केस विंचरले तर फणीला. त्या वर्षी ऊनही लवकर तापलं. नदी आखडून संगमावरचे काळे खडक उघडे पडले होते. आई म्हणायची, "यंदाचं ऊन काय बरं न्हाई. गप बसून डोळे वटारल्यागत पडलंय."

ताईचं लग्न ठरलं होतं. ताई म्हणजे पद्मजा, माझी थोरली बहीण. नुकतीच बी.ए. झालेली, उंच, शांत, बोलण्याआधी क्षणभर समोरच्याकडे बघत राहणारी. मुलगा आष्ट्याकडचा, आमच्याच जैन समाजातला, भरत. साताऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्यानं त्याला शिकायला जपानला पाठवलं होतं आणि तो काही महिने राहून परतला होता. आमच्या अख्ख्या पाहुण्यारावळ्यांत विमानात बसलेला पहिला माणूस. साखरपुडा झाल्या दिवसापासून मी त्याला भरतदाजी म्हणायला लागले होते.

पण घरातला खरा माणूस म्हणजे आण्णाकाका. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धाकटा भाऊ. आप्पा पेढीवर बसायचे, हिशेबी आणि अबोल. काकाचं सगळं काम पेवांवर. लिंपायला तो, उघडायला तो, हमालांबरोबर आत उतरायलाही तोच. त्याच्या धोतराची किनार मुळात कुठल्या रंगाची होती हे काकूलाही आठवत नसावं, ती कायम पिवळी. काका हसला की ओसरीवरचा प्रत्येक माणूस हसायचा. ताईचं लग्न ठरल्यावर सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. भरतला तो आल्या आल्या हाक मारायचा, "या जावईबापू! जपानात हळद मिळती का न्हाई? न्हाईतर पोतं बांधून देतो!"

भरतनं जपानहून आईसाठी हातपंखा आणला होता, आप्पांसाठी पेन आणि ताईसाठी एक व्हिडिओ कॅसेट. तो जिथं भाड्यानं राहायचा त्या घरमालकिणीनं दिलेली. "लग्न ठरलंय म्हटल्यावर म्हणाली, ही तिला दाखव," तो सांगत होता. "तिकडं मोठ्या माणसांसाठीसुद्धा चित्रांचे सिनेमे काढतात. प्रेमाचा आहे. साधा आहे."

"आईदेखत बघण्यासारखा आहे ना?" ताईनं हळूच विचारलं. तो लाजला. "अगदी आप्पांदेखतसुद्धा."

माझी परीक्षा संपली त्या रविवारी सांगलीतून व्हीसीआर भाड्यानं आणला. दुकानदारानं कॅसेट उलटसुलट बघून सांगितलं होतं, "परदेशी हाय. आपल्या मशीनला जमतंय का न्हाई सांगता येत न्हाई. लागली तर लागली." दुपारची जेवणं झाल्यावर माडीवर सगळे जमलो. खिडक्यांना चादरी लावल्या. मशीन घरघरलं आणि पडद्यावर चित्र आलं, पण रंग नव्हते. नुसतं काळं-पांढरं, आणि मधूनच खालून वर सरकत जाणारं. भरत हिरमुसला. "यात फार सुंदर रंग आहेत हो. ती फुलं गुलाबी आहेत. डोंगरभर झाडं, आणि पाकळ्या गळतायत." आम्हाला मात्र दिसत होती ती राख. एका टेकडीवरच्या गावावर हळूहळू, आवाज न करता राख पडत होती आणि माणसं तिच्यात हसत फिरत होती.

भाषा कुणालाच येत नव्हती. भरतला तोडकीमोडकी यायची, तो मधूनमधून सांगायचा. नायिकेचं नाव कुणाला उच्चारता येईना, तेव्हा काकानं तिचं बारसंच केलं. "शालन म्हनू तिला. आपल्या गुरवाच्या शालनीवानीच दिसती."

समुद्राकाठचं एक छोटं गाव होतं. टेकडीवर देऊळ आणि देवळापासून खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. शालन शाळेच्या शेवटच्या वर्षाला. होडीवर काम करणाऱ्या एका मुलाशी तिची ओळख होते. तो तिला मासे दाखवतो, ती त्याला गणितं शिकवते. आणि एका दुपारी समुद्र खवळतो, होडी परत येत नाही. शालन देवळात जाऊन बसते. उतरताना तिला देवाकडे पाठ करवत नाही म्हणून ती देवळाकडे तोंड करूनच, एकेक पायरी मागे मागे टाकत उतरते. खाली पोचते तर तीच दुपार पुन्हा सुरू झालेली असते. मुलगा होडी सोडायच्या तयारीत, जिवंत, तिच्याकडे बघून हसणारा.

नेमकी तेव्हा आई बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आली. दारातच थबकली. पडद्यावर एक पोरगी पांढऱ्या कपड्यांत, मोकळ्या केसांनी, उलट्या पावलांनी पायऱ्या उतरत होती.

"हे काय बघताय रे?" आईचा आवाज बदलला होता. "उलट्या पायांनी चालतंय ते काय असतं ठावं हाय न्हवं? लगीनघरात असलं लावायचं न्हाई."

"आवं वैनी, पोरगी हाय ती, हडळ न्हवं," काका हसत म्हणाला. "बसा की. लय ग्वाड पोरगी हाय."

आई बसली नाही. पण गेलीही नाही, दारातच उभी राहिली.

शालन पुन्हा पुन्हा मागे जाते. कधी त्याची वाट अडवते, कधी वल्हं लपवते. प्रत्येक वेळी काहीतरी चुकतं आणि होडी जातेच. आणि दर खेपेला एक गोष्ट घडत राहते. ती मागे जाऊन आली की त्या मुलाच्या मनातून तिची एखादी आठवण पुसली जाते. आधी तिनं दिलेलं फळ, मग तिचं गाणं, मग तिचं नाव. शेवटी ती त्याला वाचवते. तो किनाऱ्यावर सुखरूप उभा असतो, समोरून शालन येते, आणि तो तिच्याकडे एखाद्या अनोळखी मुलीकडे बघावं तसं बघून निघून जातो. शालन हसते. पाकळ्या पडत राहतात. संपलं.

चादरी काढल्या तेव्हा बाहेरचं ऊन डोळ्यांत घुसलं. ताईनं भरतला विचारलं, "ती हसली कशाला?"

"तो वाचला ना."

"पण तिच्याकडे काय राहिलं?"

काकानं उठता उठता धोतर झटकलं आणि म्हणाला, "पोरी, मानूस जित्ता ऱ्हायला. आनि काय पायजे?"

मग तो खाली गेला आणि जिन्यावरून काकूला मोठ्यानं विचारताना ऐकू आला, "आगं, च्या मिळंल का, का तुमी समद्या उलट्या पायांनी पळाला?"

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या तापात घालवल्यासारखे आठवतात. घरात लग्नाची गडबड होती. पापड होत होते, साड्या येत होत्या. पण त्या सगळ्यावर एक पातळ, न दिसणारा थर बसल्यासारखा वाटायचा. ताई माणसांकडे वेगळंच बघायला लागली होती. काका जेवायला बसला की ती वाढायची थांबून त्याच्याकडे बघत राहायची. आप्पा चष्मा पुसताना, काकूची लहानगी मुलगी झोपलेली असताना. एकदा मी चिडून म्हटलं, "अशी काय बघतेस गं सगळ्यांकडे? भीती वाटते."

"काही नाही. बघून ठेवते," ती म्हणाली.

लग्न होऊन जाणारी मुलगी असंच बघणार, असं मी मनाला समजावलं. पण मला झोप नीट लागेना. एका दुपारी गंमत म्हणून मी माडीचा जिना उलटा उतरत होते. वर तोंड करून, एकेक पायरी मागे. खालून आई आली आणि तिनं माझ्या पाठीत असा रट्टा घातला की मी भेलकांडले. आईनं मला त्याआधी कित्येक वर्षांत हात उगारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुन्यांदा न्हाई करायचं," एवढंच म्हणाली, आणि तिथंच पायरीवर टेकून बसली.

नवी हळद बाजारात यायच्या आत एक जुनं पेव रिकामं करायचं होतं. काकानं भरतला निरोप धाडला, पेव कधी बघितलं नसंल तर या. तो साताऱ्याहून आला. पेव त्या दिवशी सकाळी उघडलं होतं. उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आत साचलेली हवा माणसाला मारते, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. त्या दिवशी कंदील छान जळला. काका आणि महादू हमाल दिवसभर आत-बाहेर करत होते, भरत वर उभा राहून टोपल्या ओढायला हात देत होता. निम्मं पेव रिकामं झालं. दुपार कलता कलता आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस हळदीवर पडला तर सगळंच गेलं असतं, म्हणून आप्पांनी पेवाच्या तोंडावर ताडपत्री टाकून कडेनं माती दाबायला लावली. पाऊस आला नाही. नुसता वारा पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ताई न्याहारी घेऊन गेलो. उप्पीट होतं, आणि किटलीत चहा. मैदानात ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता. महादूनं ताडपत्री ओढून बाजूला केली. आतून एक उबदार, जुनाट वास वर आला. अजून तो नाकात आहे.

"थोडा वेळ थांबू या का?" भरतनं विचारलं.

"कालच तर दिवसभर उतरलोय जावईबापू," काका म्हणाला. "कालचंच पेव हाय, नवं कुठं हाय?" आणि ताईकडे वळून, "च्या झाकून ठेव. एक टोपलं भरतो आनि आलोच."

तो दोरीला धरून उतरला. आत पाय टेकल्याचा आवाज आला. "लय गरम हाय रं," असं तो म्हणाला. शब्द विहिरीतून यावेत तसे घुमत आले. मग टोपली पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

"काका?" भरत वाकून बघत होता. "काका बसलेत. भिंतीला टेकून बसलेत." त्याच्या आवाजात आधी नुसतं आश्चर्य होतं. मग त्यानं पायातले बूट ओढून काढले.

मी त्या जागेवरून हलले नाही. ताई हलली. किटली तिच्या हातून कधी पडली मला माहीत नाही. भरत दोरीला हात घालतो तोच तिनं त्याला मागून कमरेला मिठी मारली.

"सोड पद्मा! ते जातील!"

"न्हाई सोडनार."

"अगं मिनिटाचं काम आहे! सोड!"

तो ताकदीचा होता. त्यानं तिला पेवाच्या तोंडापर्यंत फरफटत नेलं. तेव्हा ती खाली बसली आणि त्याच्या दोन्ही पायांना तिनं हातांचा विळखा घातला, कपाळ त्याच्या गुडघ्यावर दाबून. बी.ए. झालेली, हळू बोलणारी माझी बहीण गावाकडच्या आवाजात ओरडत होती, "महादूमामा, वारा घाला! फांद्या आना! पानी वता! कुनी उतरू नगा!" भरत तिच्या खांद्यांवर मुठी मारत होता आणि ती सोडत नव्हती.

महादूनं लिंबाची डहाळी दोरीला बांधून आत खालीवर केली. कुणी पाणी ओतलं, कुणी ताडपत्रीनं वारा घातला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, फार गेला. मग महादूनं कमरेला दोर बांधला, तोंडावर ओला पंचा गुंडाळला आणि चौघांच्या हातात दोर देऊन तो उतरला. काकाला वर काढलं तेव्हा त्याचं तोंड, केस, छाती सगळं हळदीनं माखलेलं होतं. नवरदेवासारखं. आप्पा पेढीवरून धावत आले आणि ते बघून तिथंच खाली बसले. काकाला दवाखान्यात नेताना सांगलीच्या वाटेवर झाडांच्या कमानीखाली गाडी मध्येच हळू झाली, तेव्हाच तो गेल्याचं आम्हाला कळलं.

घर महिनाभर गप्प होतं. गाव मात्र बोलत होतं. बायका भेटायला यायच्या, पदर तोंडाला लावून बसायच्या, आणि ओसरी उतरताना कुजबुजायच्या. जावई गेला असता तर वाचला असता आण्णा. पोरीनं आपलं कुंकू राखलं, चुलतीचं घालवलं. दुसरी कुणीतरी म्हणायची, गेला असता तर दोघं गेले असते, असली पेवं जोडीनं नेतात. ताई हे सगळं ऐकत भांडी घासत राहायची.

आणि मग एके दिवशी, एका लांबच्या मामीनं तेच पुन्हा काढलं तेव्हा काकू आतून बाहेर आली. उंबऱ्यात उभी राहिली. "तिनं धरलं म्हनून माझ्या दारात येकच मढं आलं," ती म्हणाली. "दोन आली असती तर मी कुनाच्या गळ्यात पडून रडले असते? चला, उठा आता." मामी उठली. काकू स्वयंपाकघरात गेली आणि ताईच्या शेजारी बसून राख घेऊन भांडी घासायला लागली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

लग्न पुढं ढकललं होतं. पाऊस लागून गेल्यावर भरत आला. वाळला होता. आप्पांना भेटला, काकूच्या पाया पडला. मग ताई आणि तो ओसरीवर बसले. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं, आणि कुणी दार लावून घे म्हटलं नाही.

"तू केलंस ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "मी डॉक्टरांना विचारलं. मी शिकलेला माणूस आहे, मला कळतं. मी उतरलो असतो तर आज नसतो."

ताईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"पण तू समोर आलीस ना पद्मा, की मला ते भिंतीला टेकून बसलेले दिसतात. आणि तुझी मिठी कमरेला लागते. रोज सकाळी उठल्यावर लागते. मी काय करू?"

"तुमी काय बी करू नका," ताई म्हणाली. "मला राग न्हाई."

जाताना त्याला कॅसेट परत दिली गेली. कुणी दिली, ते मी बघितलं नाही. बाहेर सायकल स्टँडवरून पडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी ती उचलून ठेवली. मी त्याला दाजी म्हणून शेवटची हाक मारायला दारापर्यंत गेले होते. पण हाक न मारताच मागे फिरले.

ते वर्षभर मी मनानं मागे मागे जात होते. सिनेमातल्या शालनसारखी, एकेक पायरी. ट्रक उशिरा आला असता तर. आभाळ भरून आलं नसतं तर. मी ठेच लागून पडले असते, सगळे माझ्याकडे धावले असते, तेवढ्यात पेवातली हवा निवळली असती. अशा किती दुपारी मी रचल्या. प्रत्येक दुपारी काका वाचायचा आणि मग दुसरं कुणीतरी दोरीला हात घालायचं. कधी महादू, कधी आप्पा. एकदा मी ताईला हे सांगितलं. तिनं माझे केस विंचरता विंचरता ऐकून घेतलं.

"मी जात नाही मागं," ती म्हणाली. "कुठल्याही वेळी गेले तरी मी त्यालाच धरणार, सुजी. ते मला माहीत आहे. मग जाऊन काय करू?"

त्या वेळी ती मला कठोर वाटली. आज वाटत नाही. आपण कुणाला धरलं आणि कुणाला धरू शकलो नाही, हे एकदा डोळे उघडे ठेवून बघितल्यावर तिला दुसरी दुपार नको होती. मीच भित्री, म्हणून मला हव्या होत्या.

ताईनं पुढं बी.एड. केलं आणि जतला शाळेत नोकरी धरली. तिकडं मराठीत कानडी मिसळलेली, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, मेंढरांचे कळप आणि नजर जाईल तिथपर्यंत ज्वारीची धाटं. हळदीचं एक पान दिसत नाही. तिनं लग्न केलं नाही. आप्पा विचारायचे, मग विचारेनासे झाले. सुट्टीत ती हरिपूरला यायची, तेव्हा काकूच्या मुलीसाठी काहीतरी घेऊनच यायची.

माझं लग्न साताऱ्यात झालं. त्यानंतरची, म्हणजे दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ताई चार दिवस माझ्याकडे राहून परत निघाली होती. तिला बसवून द्यायला मी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर गेले. पाऊस उघडला होता, फलाटावर चिखलाचे ठसे. आम्ही सांगलीच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो आणि समोरून भरत आला. कडेवर एक मूल, दुसऱ्या हातात बॅग, मागे बायको.

तिघंही थांबलो. त्याला काय नावानं हाक मारावी ते मला कळेना.

"कशी आहेस?" त्यानं ताईला विचारलं.

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहे. काकू?"

"काकू बऱ्या आहेत. मुलगी चौथीत गेली."

मग त्यानं बायकोकडे वळून नुसतं "ही पद्मजा" म्हटलं. ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी होती. तिनं ताईकडे एकदा नीट बघितलं, हातातली पिशवी फलाटावर ठेवली, आणि त्या गर्दीत, त्या चिखलात वाकून ताईच्या पायांना हात लावला.

"अहो, हे काय, उठा," मी म्हणाले. ती उठली नाही.

"यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय," ती खालूनच म्हणाली. "तुम्ही धरून ठेवलं नसतं तर माझ्या वाट्याला हे आले नसते. हा पोरगा आला नसता. कधी भेटाल तर पाया पडायचंच, असं ठरवलं होतं."

आजूबाजूची माणसं बघत होती. भरत दुसरीकडे तोंड करून उभा होता, पोरगं त्याच्या कॉलरशी खेळत होतं. ताईचे हात तसेच लोंबत होते. मग तिनं ते उचलून त्या मुलीच्या डोक्यावर ठेवले, आणि वाकलेल्या सवाष्णीला कुणीही द्यावा तो, आम्ही लहानपणापासून ऐकत आलेला आशीर्वाद तिच्या तोंडून बाहेर पडला.

"अखंड सौभाग्यवती हो."

म्हणून झाल्यावर तिलाच तो ऐकू आला असावा. मग हसली आणि म्हणाली, "ऊठ. साडीला चिखल लागला बघ."